शेकानंतरचा रक्तस्राव

कर्करोगाच्या रुग्णाला घरी पाठविताना रुग्णालयाकडून जो कागद हाती दिला जातो, त्याच्या शेवटी बहुधा एक ओळ असते: ठरल्या तारखेस तपासणीसाठी यावे. पहिली तारीख पाळली जाते. दुसरीही पाळली जाते. पुढे अंगात ताकद येते, शेतीची कामे हाका मारू लागतात, आणि तो कागद पेटीच्या तळाशी जाऊन पडतो. रोग बरा झाला म्हणजे रुग्णालयाशी असलेला संबंध संपला, अशी सर्वसाधारण समजूत आहे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी ज्या स्त्रियांना किरणोपचार, म्हणजे बोलीभाषेत ‘शेक’, दिलेला असतो, त्यांच्या बाबतीत ही समजूत विशेष घातक ठरते. कारण शेकाचा एक परिणाम रोग गेल्यानंतर उशिरा प्रकट होतो. सहा महिन्यांनी, वर्षाने, कधी दोन-तीन वर्षांनी. हा परिणाम म्हणजे शौचावाटे रक्त जाणे.

आदिलाबाद जिल्ह्यातील पैनगंगेच्या काठची एखादी पन्नाशीतली शेतकरी स्त्री डोळ्यांपुढे आणावी. जैनद, बेला, भीमपूर ह्या भागांत घराघरांतून मराठी बोलली जाते आणि बाजारात तेलुगू. पलीकडच्या तीरावर महाराष्ट्र आहे. ह्या स्त्रीने दीड वर्षापूर्वी हैदराबादेस अथवा नागपुरास राहून शेक घेतला. आजार हटला. ती पुन्हा कापूस वेचावयास जाऊ लागली. आणि एके दिवशी तिला शौचात लाल रक्त दिसले. दुखत तर काहीच नाही. मग तिच्या मनात दोन तर्क येतात. पहिला असा की, रोग उलटला. हा तर्क इतका भयंकर असतो की ती तो तोंडाने उच्चारीत नाही; घरी सांगितले तर पुन्हा जमीन गहाण पडेल, म्हणून मुकाट्याने सोसते. दुसरा तर्क असा की, ही साधी मूळव्याध असावी. हा सोयीचा असल्यामुळे तो लवकर पटतो, आणि ती बाजारच्या दिवशी मूळव्याधीवर हमखास इलाज करणाऱ्या एखाद्या माणसाकडे जाते. पहिल्या तर्काने ती उपचारावाचून राहते. दुसऱ्याने भलताच उपचार होतो. तिसरी शक्यता तिला कोणी सांगितलेलीच नसते. ती शक्यता अशी की, रोग परतलेला नाही, मूळव्याधही नाही, तर ज्या किरणांनी प्राण वाचविले त्यांनीच गुदाशयाच्या अस्तरावर मागे ठेवलेली ही खूण आहे. आणि तिच्यावर उपाय आहेत.

ह्या जिल्ह्यातील रुग्णांची वाट जुनी आहे. हैदराबादेतील मेहदी नवाज जंग कर्करोग रुग्णालय १९५५ साली सुरू झाले. ज्यांचे नाव त्यास दिलेले आहे ते मेहदी नवाज जंग पुढे १९६० साली गुजरातचे पहिले राज्यपाल झाले. रुग्णालय निघाले तेव्हा आदिलाबाद जिल्हा हैदराबाद राज्यात होता, आणि किनवट व राजुरा हे तालुकेही ह्याच जिल्ह्यात मोडत. पुढच्याच वर्षी राज्यांची पुनर्रचना होऊन ते दोन तालुके मुंबई राज्यात गेले व उरलेला जिल्हा आंध्र प्रदेशात आला. २०१४ साली तो तेलंगणात आला, आणि २०१६ साली जुन्या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. सीमा अशा सरकत राहिल्या, परंतु रुग्णाची पायपीट तीच राहिली. आदिलाबादहून दक्षिणेस सुमारे तीनशे किलोमीटरांवर हैदराबाद आणि उत्तरेस सुमारे दोनशे किलोमीटरांवर नागपूर, जेथे राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय आहे. आदिलाबाद येथे २००८ सालापासून राजीव गांधी वैद्यकीय विज्ञान संस्था हे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय चालू आहे. रक्ताची तपासणी आणि पहिला सल्ला ह्यांसाठी परमुलखात धाव घेण्याची आवश्यकता आता नाही. तरी शेकाचे रुग्ण आणि शेक देणारे डॉक्टर ह्यांच्यात शेकडो किलोमीटरांचे अंतर आहे, आणि शेकाचे उशिराचे परिणाम नेमके ह्या अंतरात हरवतात.

आता मुळात हे घडते कसे, ते पाहावे. स्त्रीच्या ओटीपोटात तीन अवयव एकमेकांस खेटून असतात. पुढे मूत्राशय, मध्ये गर्भाशय व योनिमार्ग, आणि मागे गुदाशय. गर्भाशयमुख व गुदाशय ह्यांच्यामध्ये अंतर असे फारसे नाहीच. गर्भाशयमुखाच्या गाठीवर किरण सोडले की शेजाऱ्यास त्यांची झळ लागणारच. सर्वसाधारणपणे आठवड्यातून पाच दिवस, असे सुमारे पाच आठवडे बाहेरून शेक देतात. त्यानंतर योनिमार्गातून एक नळी बसवून किरणोत्सर्गी पदार्थ थेट गाठीजवळ नेतात. ह्यास ‘आतला शेक’ म्हणतात. आतल्या शेकाचा लाभ असा की अंतर दुप्पट झाले म्हणजे किरणांचा मारा चौथाईवर येतो. त्यामुळे गाठीला भरपूर मात्रा मिळते आणि थोडे दूर असलेल्या अवयवांना पुष्कळ कमी. परंतु जो नियम तारतो तोच मारतोही. गुदाशयाची पुढची भिंत एखादा सेंटिमीटर जवळ सरकली की तिच्या वाट्याला येणारी मात्रा एकदम वाढते. म्हणूनच डॉक्टर नळी बसविताना जाळीदार कापडाच्या पट्ट्या ठासून गुदाशयास मागे रेटतात. स्त्रियांना हा प्रकार त्रासाचा वाटतो. पण त्या पट्ट्या पुढच्या कित्येक वर्षांच्या रक्षणासाठी असतात. पुरुषांत पौरुषग्रंथीच्या कर्करोगासाठी शेक दिला जातो, तेव्हाही हाच गुदाशय मागे असतो. म्हणून पुढील सर्व विवेचन त्यांनाही लागू पडते.

किरणांचा आतड्यावर दुष्परिणाम होतो ही गोष्ट किरणांइतकीच जुनी आहे. राँटजेन ह्यांनी क्ष-किरण शोधून काढले १८९५ साली. १८९७ सालीच डॉ. डेव्हिड वॉल्श ह्यांनी ह्या किरणांच्या सान्निध्यात काम करणाऱ्या एका माणसास झालेल्या पोटाच्या विकाराची हकीकत एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. म्हणजे औषध आणि त्याचा उपद्रव ह्यांची ओळख वैद्यकास जवळजवळ एकदमच झाली. मात्र ह्यावरून शेक घेऊच नये असा निष्कर्ष कोणी काढू नये. गाठ वाढलेली असून शस्त्रक्रियेने निघण्याजोगी उरलेली नाही, अशा अवस्थेत असंख्य स्त्रिया रुग्णालयात पोहोचतात. त्यांना तारणारा मुख्य उपाय शेक हाच आहे, आणि जोडीला दिलेली औषधे त्यास बळ देतात. शेक टाळला तर उपद्रव टळेल, पण रोग राहील.

शेकाचे आतड्यावरील परिणाम दोन प्रकारचे असतात, आणि त्यांची गल्लत करू नये. पहिला परिणाम शेक चालू असतानाच होतो. शौचास वारंवार होते, कुंथावेसे वाटते, आव पडते, क्वचित थोडे रक्तही दिसते. आतड्याच्या अस्तरातील पेशी झपाट्याने झिजतात व झपाट्याने नव्या येतात. किरणांनी ही नवी भरती काही काळ थांबविलेली असते. शेक संपला की काही आठवड्यांत हे अस्तर पुन्हा भरून येते. दुसरा परिणाम उशिराचा आहे, आणि त्याचे कारण वेगळे आहे. किरणांमुळे गुदाशयाच्या भिंतीतील बारीक रक्तवाहिन्यांची आतली बाजू हळूहळू जाड होते व त्या बुजत जातात. भिंतीस प्राणवायू पुरेसा मिळेनासा होतो. जुना पाट गाळाने बुजला म्हणजे पाणी बांधाच्या कडेने बारीक ओघळ काढून वाहू लागते, तसे येथे घडते. अस्तराच्या अगदी पृष्ठभागावर नव्या, वेड्यावाकड्या, पातळ भिंतीच्या रक्तवाहिन्या उगवतात. दुर्बिणीतून त्या लाल कोळ्याच्या जाळ्यासारख्या दिसतात. त्यांच्यावर कठीण मळ घासला की त्या फुटतात, आणि रक्त येते. ही क्रिया सावकाश होणारी असल्यामुळेच रक्त दिसावयास महिने अथवा वर्षे लागतात.

ह्या रक्ताचे गांभीर्य कसे ओळखावे? पुष्कळ रुग्णांत रक्त थोडे असते, अधूनमधून जाते, आणि काळाबरोबर आपोआप कमीही होते. अशांना धीर, योग्य आहार व देखरेख एवढे पुरते. परंतु काहींना रोज थोडे थोडे रक्त जात राहते. त्यात वेदना नसल्यामुळे ते दुर्लक्षिले जाते, आणि शरीरातील लोहाचा साठा मात्र आटत जातो. स्त्रीच्या रक्तात दर शंभर मिलिलिटरमागे बारा ग्रॅम तरी हिमोग्लोबिन असावे. ते आठाच्या खाली गेले म्हणजे रक्तक्षय तीव्र समजतात. विहिरीवरून घागर आणताना छाती धडधडू लागते, जिना चढताना धाप लागते, पाय सुजतात, चेहरा पांढुरका दिसतो. घरची माणसे म्हणतात, ‘आजाराने खंगली.’ वास्तविक आजार केव्हाच गेलेला असतो. ती खंगत असते ती थेंबाथेंबाने जाणाऱ्या रक्तामुळे. कर्करोगातून वाचलेली स्त्री अशा रक्तक्षयाने अंथरूण धरते ह्याहून खेदाची गोष्ट नाही, कारण ती टाळता येण्याजोगी असते.

काही लक्षणे मात्र अशी आहेत की त्यांत एक दिवसही दवडू नये. रक्ताच्या गाठी पडू लागणे, भोवळ येणे, शौच डांबरासारखे काळे होणे, मळाची धार बारीक होत जाणे, लघवीत रक्त दिसणे, आणि योनिमार्गातून वायू अथवा मळ येणे. शेवटचे लक्षण सांगण्यास स्त्रियांना सर्वांत अधिक संकोच वाटतो. त्याचा अर्थ गुदाशय व योनिमार्ग ह्यांमध्ये छिद्र पडले असावे असा होतो. रक्त नेमके कोठून येते, शौचावाटे, लघवीवाटे की योनिमार्गातून, हे स्वच्छ पांढऱ्या कापडाच्या घडीने नीट पाहून डॉक्टरांना सांगितले तर निदानाचे अर्धे काम होते.

तपासणीचा क्रम साधा आहे. प्रथम गर्भाशयमुखाची जागा तपासून रोग उलटलेला नाही ना हे पाहतात. नंतर रक्ताची तपासणी. त्यानंतर गुदद्वारातून दुर्बीण घालून आतील अस्तर पाहतात. वय अधिक असल्यास, अथवा शंका असल्यास, संपूर्ण मोठे आतडे पाहिले जाते. कारण शेक घेतलेल्या माणसास मोठ्या आतड्याचा स्वतंत्र रोग होऊच शकत नाही असे नाही. येथे एक महत्त्वाची सावधगिरी आहे. एरवी आतड्यात काही वेगळे दिसले की त्याचा तुकडा काढून तपासावयास पाठविण्याची पद्धत आहे. शेक बसलेल्या गुदाशयाच्या पुढच्या भिंतीचा तुकडा मात्र सबळ कारणावाचून काढीत नाहीत. त्या भिंतीस रक्तपुरवठा इतका तुटपुंजा असतो की एवढीशी जखमही भरत नाही. व्रण पडतो, आणि पुढे त्याचे छिद्र होण्याचा धोका राहतो. म्हणून डॉक्टरांपुढे बसताच रुग्णाने उच्चारावयाचे पहिले वाक्य हे: ‘मला शेक दिलेला आहे.’ डॉक्टर तेलुगू बोलणारे असोत की मराठी, हे एक वाक्य त्यांच्यापर्यंत पोहोचलेच पाहिजे. पेटीच्या तळाशी गेलेला कागद ह्याच कामी येतो. शेक केव्हा दिला, किती दिवस दिला, आतला शेक किती वेळा झाला, मात्रा किती होती, हे सर्व त्या कागदांत असते. ती फाईल घराच्या सातबाऱ्याइतकीच जपून ठेवावी.

मूळव्याधीच्या समजुतीने होणारे उपचार येथे का घातक ठरतात, हेही ह्यावरून उघड होईल. मूळव्याधीचे कोंब सुकविण्यासाठी टोचावयाची औषधे, त्यांच्या मुळाशी रबराचे कडे बसविणे, क्षारसूत्र बांधणे अथवा कापणे, ह्या सर्व उपचारांत शेवटी जखम भरून येईल असे गृहीत धरलेले असते. निरोगी भागात ती भरते. शेक बसलेल्या भागात ती भरेलच असा भरवसा नसतो. मग गावोगाव फिरणाऱ्या वैदूंच्या दाहक लेपांची गोष्ट बोलावयासच नको. ह्याखेरीज साबणाच्या पाण्याचा एनिमा घरच्या घरी वारंवार घेणेही टाळावे. त्याने आधीच सोललेले अस्तर अधिक चुरचुरते.

आता उपायांकडे वळावे. ते पायरीपायरीने केले जातात, आणि खालच्या पायरीवर काम भागत असेल तर वरच्या पायरीवर जावयाचे नाही.

पहिली पायरी आहाराची व रक्त भरून काढण्याची. मळ मऊ राहील असे पाहावयाचे. पाणी भरपूर प्यावे, रात्री इसबगोल घ्यावे, कुंथू नये. तिखटाने जळजळ वाढत असेल तर ते कमी करावे. ज्या भागात ज्वारीची भाकरी आणि मिरचीचा ठेचा हेच दुपारचे जेवण, तेथे हा सल्ला कठीण वाटेल. परंतु भाकरी सोडावयाची नसून ठेचा सोडावयाचा आहे. डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या महिनोनमहिने घ्याव्या लागतात. त्यांनी शौच काळसर होते हे आधी ठाऊक असावे, नाहीतर उगाच घाबरगुंडी उडते. अंगदुखीसाठी दुकानातून आणलेल्या गोळ्या परस्पर घेऊ नयेत. त्यांपैकी कित्येक रक्तस्राव वाढवितात. मात्र हृदयविकारासाठी ॲस्पिरिन अथवा रक्त पातळ करणारे औषध चालू असेल तर ते आपल्या मनाने बंद करू नये. ते डॉक्टरांना दाखवावे आणि ठरविणे त्यांच्यावर सोपवावे.

दुसरी पायरी औषधी बस्तीची. पोटातील व्रणावर पिण्यास देतात ते सुक्राल्फेट नावाचे औषध येथे गुदमार्गाने दिले जाते. ते सोललेल्या अस्तरावर लेपासारखे बसते आणि त्याखाली भरून येण्यास सवड देते. ह्या उपचाराची कसोशीने परीक्षा घेण्याचे श्रेय बहुतांशी भारतीय डॉक्टरांना आहे. चंडीगडच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेतील डॉ. कोछर व त्यांचे सहकारी ह्यांनी ३७ रुग्णांवर केलेला तौलनिक अभ्यास १९९१ साली प्रसिद्ध झाला. एका गटास पोटातून सल्फासॅलझिन व गुदमार्गाने स्टेरॉइड अशी त्या काळी रूढ असलेली औषधे दिली. दुसऱ्यास दोन ग्रॅम सुक्राल्फेटची बस्ती दिवसातून दोनदा, चार आठवडे. दोन्ही गट सुधारले. पण रुग्णाच्या प्रत्यक्ष त्रासात सुक्राल्फेटच्या गटास अधिक उतार पडला आणि ते सोसलेही चांगले. हे औषध स्वस्त आहे, त्यास मोठे यंत्र लागत नाही, आणि एकदा परिचारिकेने शिकविले म्हणजे डाव्या कुशीवर निजून घरीही घेता येते. दूरच्या खेड्यातील स्त्रीस ह्याहून सोयीचा उपाय नाही. अट एवढीच की तो डॉक्टरांनी निदान केल्यानंतर, त्यांनी सांगितलेल्या प्रमाणात आणि धीराने करावयाचा. दोन दिवसांत रक्त थांबले नाही म्हणून सोडून द्यावयाचा नाही.

तिसरी पायरी दुर्बिणीतून करावयाच्या उपचाराची. ह्यात आर्गॉन नावाच्या निष्क्रिय वायूचा बारीक झोत अस्तरावर सोडून त्यातून वीज खेळवितात. झोत अस्तरास स्पर्श करीत नाही. पण विजेच्या उष्णतेने पृष्ठभागावरच्या फुटक्या रक्तवाहिन्या जागीच गोठतात. पोळणे वरवरचे, अवघ्या दोन-तीन मिलिमीटरांपर्यंतचे असते, आणि म्हणूनच पातळ भिंतीसाठी ते योग्य ठरते. बहुधा एकाहून अधिक वेळा, मध्ये काही आठवड्यांचे अंतर ठेवून, ते करावे लागते. मोठ्या रुग्णालयांतून हा उपचार आज रूढ आहे आणि पुष्कळांचा रक्तस्राव त्याने आटोक्यात येतो. ह्याआधी आतडे पूर्ण स्वच्छ करण्यासाठी औषध पाजतात. काही रुग्णांना ते पिणे जिवावर येते व ते अर्धे ओतून देतात. त्यांनी ध्यानात घ्यावे की मळ शिल्लक राहिल्यास आतड्यात पेट घेणारे वायू साठतात, आणि विजेच्या ठिणगीने त्यांचा स्फोट झाल्याची उदाहरणे वैद्यकीय ग्रंथांत नमूद आहेत. तेव्हा ते औषध सांगितल्याप्रमाणे पूर्ण घेणे हा उपचाराचाच एक भाग होय.

जेथे आर्गॉनचे यंत्र नाही, अथवा ज्यांना त्याने गुण आला नाही, त्यांच्यासाठी फॉर्मॅलिनचा उपाय आहे. शेकडा चार प्रमाणाच्या फॉर्मॅलिनमध्ये भिजविलेला बोळा शल्यवैद्य नजरेखाली रक्ताळलेल्या जागेवर थोडा वेळ टेकवितात. त्याने रक्तवाहिन्या आक्रसून बंद होतात. हा उपाय स्वस्त व बराच परिणामकारक आहे, पण दाहक आहे. गुदद्वाराच्या त्वचेस लागल्यास तीव्र वेदना होतात, आणि पुढे व्रण अथवा आकुंचन होण्याचाही संभव असतो. म्हणून तो सरावलेल्या हातानेच झाला पाहिजे.

आणखी एक उपाय आहे. हवाबंद कोठडीत वाढविलेल्या दाबाखाली शुद्ध प्राणवायू देण्याचा. उपाशी पडलेल्या ऊतींना प्राणवायू मिळून तेथे निरोगी रक्तवाहिन्या वाढाव्यात, ही त्यामागील कल्पना. रोज सुमारे दीड तास, अशा तीस-चाळीस बैठका लागतात. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्याचा लाभ दिसला. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील अभ्यासात दिसला नाही. अशा कोठड्या मोजक्या मोठ्या शहरांतच आहेत. तेव्हा आदिलाबादसारख्या जिल्ह्यातील रुग्णाने घरदार विकून त्याच्या मागे धावण्याचे कारण नाही. आधीच्या पायऱ्या नीट चढून झाल्यावर तज्ज्ञांनी सुचविल्यास विचार करावा. शस्त्रक्रिया ही शेवटची पायरी. मळाची वाट पोटावर काढून देणे किंवा तो भाग कापून टाकणे, ह्या गोष्टी छिद्र पडल्यास, आतडे आवळले गेल्यास अथवा रक्त कशानेच न थांबल्यास करतात. अशी वेळ थोड्यांवरच येते, आणि लवकर आलेल्यांवर फार क्वचित येते.

आता ह्या विकाराचे मूळच कसे आखडता येईल हा प्रश्न उरतो, आणि त्याचे एक उत्तर मुंबईत मिळाले आहे. १९४१ साली सुरू झालेल्या टाटा स्मारक रुग्णालयात गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी शस्त्रक्रियेनंतर शेक लागणाऱ्या ३०० स्त्रियांचा अभ्यास करण्यात आला. त्याचे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. निम्म्या स्त्रियांना प्रचलित पद्धतीने शेक दिला. उरलेल्यांना रोज चित्र घेऊन, अवयवांची जागा पाहून, किरणांची तीव्रता जागोजागी कमी-अधिक करणाऱ्या नव्या पद्धतीने दिला. तीन वर्षांत आतड्यांचा मध्यम अथवा त्याहून तीव्र असा उशिराचा त्रास प्रचलित पद्धतीत शेकडा ४२.४ स्त्रियांना झाला. नव्या पद्धतीत शेकडा २१.१. ह्या आकड्यांत रक्तस्रावाखेरीज अतिसारासारखे इतर विकारही धरलेले आहेत. रोग ताब्यात राहण्याच्या बाबतीत मात्र दोन्ही गटांत फरक पडला नाही. म्हणजे रोगावरील मारा कमी न करता शेजारच्या अवयवांची झळ निम्म्यावर आणता येते, हे आपल्याच देशातील, बहुतांशी साध्या घरांतील स्त्रियांवर सिद्ध झाले. ज्यांच्या घरी अद्याप शेक सुरू व्हावयाचा आहे, त्यांनी ही सोय आपल्यासाठी आहे काय, असे डॉक्टरांना नम्रपणे विचारण्यास हरकत नाही. नसल्यास मात्र तिच्यासाठी शेक लांबणीवर टाकू नये. उशीर झाला तर रोग वाढतो, आणि शेक मध्येच खंडित केला तर त्याचा गुण कमी होतो.

अखेर एक गोष्ट औषधाबाहेरची. शौच, रक्त, योनिमार्ग हे शब्द सुनेने सासऱ्यासमोर, सासूने मुलासमोर उच्चारावयाचे नाहीत, अशी आपल्या घरांतील रीत आहे. रुग्णालयात स्त्रीबरोबर बहुधा मुलगा अथवा दीर जातो, आणि डॉक्टरांनी प्रश्न विचारला की उत्तरही तोच देतो: ‘ठीक आहे, जेवते-खाते.’ जी गोष्ट सांगावयाची तिच्यासाठी ती दोनशे-तीनशे किलोमीटर आलेली असते, आणि तीच सांगावयाची राहते. म्हणून अशा स्त्रीबरोबर तिची मुलगी, बहीण, जाऊ किंवा वहिनी ह्यांपैकी कोणीतरी असावे. आणि पुरुषांनी थोडा वेळ दाराबाहेर थांबावे. गावातील आशा कार्यकर्तीस तर ही विचारपूस सहज करता येईल. ज्या घरात शेक झालेला आहे त्या घरी तीन-चार महिन्यांनी एकदा जाऊन तिने दोनच प्रश्न विचारावेत: शौचावाटे रक्त जाते काय, आणि हिमोग्लोबिन शेवटचे केव्हा तपासले? होकार आला तर रुग्णास प्रथम आदिलाबादच्या शासकीय रुग्णालयात पाठवावे, आणि तेथून शेक दिलेल्या रुग्णालयाकडे. जाण्यापूर्वी शासनाच्या आरोग्ययोजनेचे कार्ड बरोबर घ्यावे. नदी ओलांडून दुसऱ्या राज्यात जावयाचे असेल तर तेथे ते चालते काय, ह्याची चौकशी आधीच करावी.

शौचावाटे गेलेले रक्त पाहून घाबरून जाऊ नये आणि ते लपवूही नये. ते सांगावे, आणि सांगताना शेकाचा उल्लेख प्रथम करावा. पेटीच्या तळाशी गेलेला तो कागद आजच वर काढून ठेवला, आणि घरातील एका तरी माणसास त्याची जागा सांगून ठेवली, तर जरुरीच्या वेळी शोधाशोध करावी लागणार नाही.